नणंदेला इंग्रजीत काय म्हणायचं?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका बाईंचा जबाब इंग्रजीत करायला आला. दोन पानांचा, हाताने लिहिलेला, कुठेही आडवळण नसलेला. त्यात एक वाक्य होतं : "त्या दिवशी जाऊबाई घरी नव्हत्या, नणंदेने मला ढकललं आणि तेवढ्यात माझी भावजय दारात आली म्हणून मी वाचले." मराठी वाचणाऱ्याला इथे एकही प्रश्न पडत नाही. घरात कोण नव्हतं, हात कोणी उगारला आणि ते कोणी पाहिलं, सगळं एका दमात कळतं. मी त्या वाक्याचं इंग्रजी केलं आणि वाचून पाहिलं. सिस्टर-इन-लॉ घरी नव्हती, सिस्टर-इन-लॉने ढकललं आणि सिस्टर-इन-लॉ दारात आली म्हणून मी वाचले. व्याकरण चोख होतं. तिन्ही शब्द कोशाप्रमाणे बरोबर होते. आणि त्या बाईंवर काय गुदरलं ते त्यातून पार पुसलं गेलं होतं.

गोष्ट असती तर एक वेळ चाललं असतं. हा जबाब होता. भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे, नवरा आणि नवऱ्याचे नातेवाईक यांच्याबद्दल बोलतं. नणंद नवऱ्याची नातेवाईक. भावजय त्या बाईंच्या माहेरची. एक आरोपीच्या जागी उभी राहणार, दुसरी साक्षीदाराच्या, आणि माझ्या भाषांतराने दोघींना एकच नाव दिलं होतं. ते पान मी फाडलं आणि पुन्हा लिहिलं : 'माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको', 'माझ्या नवऱ्याची बहीण', 'माझ्या भावाची बायको'. वाक्य लांबलं, पण आता खरं झालं होतं.

तेव्हापासून माझं एक मत ठाम आहे. नातं नेमकं कुठलं यावरून जिथे काहीही ठरणार असेल, तिथे मराठी माणसाने इंग्रजीत 'इन-लॉ' वापरूच नये. नातं उलगडून सांगावं. आणि ती व्यक्ती लेखात, पत्रात, गोष्टीत वारंवार येणार असेल तर नणंद, जाऊ, साडू, विहीण हे आपलेच शब्द ठेवावेत, पहिल्यांदा येतील तिथे अर्थ सांगावा आणि पुढे निर्धास्त वापरावेत. हे म्हटलं की लोक म्हणतात, "अगं, पण इंग्रजीत तसं म्हणत नाहीत." म्हणतात. इंग्रजीची जीभ जिथे जिथे खरोखर अडली आहे, तिथे तिथे तिने हेच केलं आहे.

आधी हे सांगायला हवं की इंग्रजी मुळात या बाबतीत दरिद्री नव्हती. नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडात आले, त्याच्या आधीच्या जुन्या इंग्रजीत सुनेला 'स्नोरू' म्हणत, सासऱ्याला 'स्वेओर', सासूला 'स्वेगर'. मोठ्याने म्हणून पाहा. स्नोरू आणि संस्कृतातली स्नुषा या सख्ख्या बहिणी, आणि स्नुषेचीच आपली सून. स्वेओर आणि श्वशुर भाऊ, त्याच श्वशुराचा आपला सासरा. नवऱ्याच्या भावाला त्या भाषेत 'टाकोर' असा स्वतंत्र शब्द होता. कानाला तो परका वाटतो, पण भाषाशास्त्र त्याला संस्कृत देवृ आणि लॅटिन लेविर यांच्याच कुळात बसवतं. देवृचा आपण दीर केला. रशियनमध्ये दिराला आजही 'देवेर' म्हणतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या बाईकडे दिरासाठी शब्द होता आणि तो आपल्या शब्दाचा लांबचा नातेवाईक होता. मधल्या काळात इंग्रजीने ही सगळी पेटी रिकामी केली. आपली अजून भरलेली आहे.

रिकाम्या जागेत आला 'इन-लॉ'. 'ब्रदर-इन-लॉ' हा प्रयोग १३०० सालच्या आसपास दिसू लागतो. यातला 'लॉ' कोर्टाचा नव्हे, चर्चचा. लग्नाने नवरा-बायको एकजीव होतात, म्हणून बायकोची बहीण ही नवऱ्याचीही बहीणच, आणि ती विधुर मेव्हण्याशी लग्न करू शकत नाही, असा तो धर्मनियम. 'नियमाने बहीण' याचा अर्थ एवढाच. हा शब्द एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्मला : हिच्याशी लग्न करता येतं का? नाही. ती कोणाकडची, थोरली की धाकटी, तिच्याशी बोलताना पदर सावरायचा की गप्पा मारायच्या, हे त्याने कधी सांगायचंच नव्हतं. म्हणून चार वेगळ्या बायका त्यात एका खोलीत कोंबलेल्या दिसतात. बरं, तो शब्द स्वतःही फार काळ स्थिर नव्हता. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये, म्हणजे १८३६-३७ साली, सॅम वेलर आपल्या बापाच्या दुसऱ्या बायकोला 'मदर-इन-लॉ' म्हणतो. सावत्र आई आणि सासू यांना तेव्हाही एकच शब्द चालत होता.

आणि आता खरी गंमत वाटण्यासारखी नव्हे, डोळे उघडणारी गोष्ट. ज्या चर्चच्या नियमावरून हा शब्द आला, त्या चर्चने नियम प्रत्यक्ष लिहून काढायची वेळ आली तेव्हा तो वापरला नाही. आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी १५६३ साली निषिद्ध नात्यांचा तक्ता केला. पुरुषासाठी तीस नाती, बाईसाठी तीस. त्यात 'बायकोची बहीण' आहे, 'भावाची बायको' आहे, 'मुलाची बायको' आहे, 'बायकोची आई' आहे. 'इन-लॉ' नाही. लोकांना आपण कोणाशी लग्न करू शकत नाही हे कळायलाच हवं होतं, तिथे मोघम शब्द कामाचा नव्हता.

त्या तक्त्याच्या मागे तेव्हाचा ताजा इतिहास होता. आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरिन ही त्याच्या थोरल्या भावाची, आर्थरची, विधवा. आपल्याकडे एका शब्दात सांगता येईल : ती त्याची वहिनी. पोपची खास परवानगी मिळवून १५०९ साली लग्न झालं. पुढे हेन्रीला ते मोडायचं होतं तेव्हा त्याने हेच नातं पुढे केलं, भावाच्या बायकोशी झालेलं लग्न मुळात लग्नच नव्हे म्हणून. पोपने ऐकलं नाही आणि इंग्लंडच्या चर्चने रोमशी फारकत घेतली. एका देशाच्या धर्माला वळण लागलं त्या वादाच्या केंद्रात जे नातं होतं, त्याच्यासाठी त्या देशाच्या भाषेकडे आज 'सिस्टर-इन-लॉ' एवढंच आहे. आणि त्याच शब्दात कॅथरिनही बसते, मेहुणीही बसते.

बायको वारल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करू द्यावं की नाही यावर ब्रिटिश संसद एकोणिसाव्या शतकात कित्येक दशकं भांडत होती. शेवटी १९०७ साली कायदा झाला. त्याचं नाव काय? 'मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह कायदा'. इंग्रजी नावातही अगदी असंच, बायको, मग बहीण, एकेक पायरी उतरत. भावाच्या विधवेशी लग्नाची मोकळीक द्यायला १९२१ साली वेगळा कायदा करावा लागला, 'मृत भावाच्या विधवेशी विवाह कायदा'. दोन्हीकडे नातं 'सिस्टर-इन-लॉ'चंच. पण मेहुणीला परवानगी मिळाली त्यानंतर भावजयीला ती मिळायला चौदा वर्षं लागली. जो शब्द हा चौदा वर्षांचा फरक दाखवू शकत नाही, त्याच्यावर विसंबून आपण आपल्या घरातली माणसं का सोपवावीत?

आपल्या कायद्याचंही इंग्रजी उघडून पाहावं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा निषिद्ध नाती सांगताना भावाची बायको, काकाची बायको, मामाची बायको असं फोड करून सांगतो. कंपनी कायद्याखाली २०१४ साली जे नियम आले, त्यात 'नातेवाईक' कोण याची यादी आहे. तिथेही मुलाची बायको आणि मुलीचा नवरा असंच लिहिलेलं आहे. सून आणि जावई यांना इंग्रजीत तयार शब्द असूनसुद्धा. पैशाचा, वारशाचा, लग्नाचा प्रश्न आला की ती भाषा जाणणारे लोक शब्द सोडतात आणि नातं सांगतात. मानववंशशास्त्राने तर शब्दच टाकून दिले. त्यांच्या टिपणांत नवरा म्हणजे एच, बायको म्हणजे डब्ल्यू, भाऊ म्हणजे बी, आणि मुलाला एस दिल्यामुळे बहिणीला झेड. नणंद म्हणजे एच-झेड, जाऊ म्हणजे एच-बी-डब्ल्यू, साडू म्हणजे डब्ल्यू-झेड-एच. इंग्रजीत काम करणाऱ्या अभ्यासकांना इंग्रजीचे नात्याचे शब्द पुरले नाहीत, ही त्यांचीच कबुली आहे.

मग उलगडून सांगायला आपल्याला संकोच का वाटतो? मला वाटतं, 'माय हजबंड्स सिस्टर' म्हटलं की आपलं इंग्रजी कच्चं दिसेल, खरा शब्द येत नाही असं ऐकणाऱ्याला वाटेल, अशी भीती शाळेपासून बसलेली आहे. शाळेत एक जोड्या लावायचा प्रश्न असायचा, डावीकडे दीर, मेहुणा, साडू आणि उजवीकडे सगळ्यांना मिळून एकच उत्तर. त्या उत्तरालाच गुण होते. आपण तिथे शिकलो की इंग्रजीत नेमकं बोलणं म्हणजे चूक आणि ढोबळ बोलणं म्हणजे बरोबर.

दक्षिणेकडच्या लोकांनी यावर आपला मार्ग काढला. बायकोच्या बहिणीचा नवरा तो 'को-ब्रदर', नवऱ्याच्या भावाची बायको ती 'को-सिस्टर'. या शब्दांना हसणारे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुधा आपल्यातलेच असतात. मला ते हसणं मुळीच पटत नाही. साडूला स्पॅनिशमध्ये 'कोन्कुन्यादो' म्हणतात, व्याह्याला 'कोन्सुएग्रो'. मेहुण्याच्या आणि सासऱ्याच्या शब्दांना पुढे 'सह' जोडून केलेले हे शब्द. तिथे ती भाषेची श्रीमंती आणि आपल्याकडे केली की अडाणीपणा, हा न्याय कुठला? गरज खरी होती, लोकांनी शब्द घडवला. माझी अडचण एवढीच की 'को-सिस्टर' ऐकून परक्याला काही बोध होत नाही, त्यालाही तो समजावून द्यावाच लागतो. समजावून द्यायचंच असेल तर 'जाऊ' काय वाईट आहे? तो लहानच आहे.

परकी भाषा आपला शब्द घेणार नाही, असंही समजायचं कारण नाही. इंग्रजीतला 'मंगूस' हा आपल्या मुंगसावरूनच गेलेला आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात २०१७ साली भारतीय भाषांतले काही शब्द आले, त्यात 'अण्णा' आणि 'अब्बा' होते. शब्द असेच जातात. कोणीतरी आधी न लाजता वापरतो, मग दुसरा वापरतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा निरनिराळ्या भारतीय भाषांतले नात्यांचे शब्द त्यांनी मुळात जसे आहेत तसे दिले. शब्दच गाळला असता तर सांगायला राहिलं काय असतं?

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. एक तरुण मैत्रीण मला म्हणाली, "ताई, तुम्ही ज्या बारकाव्याचं कौतुक करता, तोच तर आमच्या मानेवर बसलेला आहे." तिचं म्हणणं असं : सुनेने नणंदेला 'वन्सं' म्हणायचं, मग ती वयाने चार वर्षांनी धाकटी का असेना. दिराला 'भाऊजी', तो शाळेत जाणारा असला तरी. तिच्या नवऱ्याने मात्र तिच्या बहिणीला खुशाल नावाने हाक मारायची. आपल्या शब्दांत नवऱ्याकडची माणसं वर आणि बायकोकडची खाली असा उतार आहे. इंग्रजीत ती सगळी एकाच पातळीवर येतात. ब्रदर-इन-लॉ कोणाच्याही बाजूचा असो, तो ब्रदर-इन-लॉ. तिला त्या सपाटीत मोकळा श्वास घेता येतो.

यात तथ्य आहे, आणि ते मी अनुभवलेलंही आहे. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात : हाक आणि ओळख. 'वन्सं' ही हाक आहे, 'नणंद' ही ओळख. हाकेत मान असतो, सक्ती असते, उतार असतो. तो मोडायचा असेल तर जरूर मोडावा. नणंदेला नावाने हाक मारावी, दिराला 'अरे' म्हणावं, त्या दोघांना ते आवडत असेल तर प्रश्नच मिटला. सासूला आई म्हणावं की काकू म्हणावं की आणखी काही, हे त्या दोघींनी समोरासमोर बसून ठरवावं. इंग्रजांचीही या जागी पंचाईत होतेच, 'मदर-इन-लॉ' अशी हाक कोणीच मारत नाही, आणि कित्येक जण नातवंड होईपर्यंत काहीच न म्हणता वेळ मारून नेतात. पण नणंद या शब्दात वर-खाली काही नाही. तो फक्त सांगतो की ही नवऱ्याची बहीण. उतार आपल्या वागण्यात आहे. तो घालवायला शब्द पुसला तर उतार तसाच राहतो, फक्त तो कुठे आहे हे बोलायची सोय जाते. त्या जबाबातल्या बाईंना 'सिस्टर-इन-लॉ'ने कुठली समता दिली होती? त्यांना ढकलणारी कोण आणि वाचवणारी कोण, एवढंही त्यातून सांगता येईना.

आपल्याकडे सगळ्याला शब्द आहेत, असा दावा मी करत नाही. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊही आणि बहिणीचा नवराही, दोघं अगदी वेगळे. मेहुण्याच्या बायकोला बहुतेक घरांत 'मेहुण्याची बायको' असंच म्हणतात. म्हणजे आपणही अडलो की उलगडतोच. व्याही-विहीण, साडू, जाऊ यांच्यात मात्र आपण काहीतरी असं पाहिलं आहे की त्याला नाव द्यावंसं वाटलं. जाऊ म्हणजे एकाच घरात बाहेरून आलेली दुसरी बाई. तिच्याशी माझं रक्ताचं नातं नाही, मी तिला निवडलेलं नाही, तिने मला निवडलेलं नाही, पण त्या घरात परकेपणाचा पहिला दिवस कसा असतो हे माझ्याशिवाय फक्त तिला माहीत आहे. या जागेला शब्द असणं मला मोलाचं वाटतं. तिला 'सिस्टर' म्हटलं की ते सगळं निसटतं, कारण ती बहीण नाही, आणि तिचं माझं जे आहे ते बहिणीपेक्षा कमी आहे असंही नाही.

खरी काळजी मला इंग्रजीची वाटतच नाही. मराठीत काय चाललं आहे त्याची वाटते. "उद्या इनलॉज येणार आहेत," "ती माझी सिस्टर-इन-लॉ," हे आता मराठी वाक्यांतच ऐकू येतं. 'सासरची मंडळी' म्हणायला जड का व्हावं? एका लग्नघरात नऊ-दहा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "मावशी, साडू म्हणजे काय?" मी सांगितलं, तुझे बाबा आणि तुझ्या मावशीचे यजमान एकमेकांचे साडू. तिने दोघांकडे पाहिलं, बोटाने हवेत एक रेघ काढली, बाबांपासून आईपर्यंत, आईपासून मावशीपर्यंत, तिथून काकांपर्यंत. म्हणाली, "म्हणजे दोन बहिणींच्या टोकांना दोघं." यापेक्षा चांगली व्याख्या मी कोशात वाचलेली नाही. तिला शब्द मिळाला तेव्हा ती रेघ दिसली. 'अंकल'मधून ती दिसली नसती.

त्या जबाबानंतर मी कामाची एक पद्धत घालून घेतली आहे. इंग्रजी भाषांतराच्या सुरुवातीलाच एक तक्ता जोडते. डावीकडे माणसाचं नाव, मधे मराठी शब्द जसाच्या तसा, उजवीकडे ते नातं पायरीपायरीने उलगडलेलं : नवऱ्याची धाकटी बहीण, नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको, मुलीच्या नवऱ्याची आई. पुढे मजकुरात मधला शब्द वापरते. पहिल्यांदा एका वकिलांनी फोन करून विचारलं होतं की हे असं का केलं आहे. तक्ता पाहून वाचा म्हटलं. पुन्हा फोन आला नाही. परवा संपवलेल्या कामात त्या तक्त्यात अकरा माणसं होती, त्यांतल्या चार जावा, आणि चाळीस पानांत कोण कोणाशी बोलतंय हे विचारायला कोणालाही थांबावं लागलं नाही.